बुडापेस्टला सोडलेलं विमान

यामिनी घाबरट आहे, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगून टाकते. मेलबर्नच्या क्लेटनमध्ये आमची युनिट्स, म्हणजे छोटी बैठी घरं, एकाच ड्राइव्हवेवर आहेत, तिचं पुढचं आणि माझं मागचं, त्यामुळे तिची बहुतेक भीती मी जवळून पाहिलेली आहे. फ्रीवेवर गाडी घालायला ती घाबरते, म्हणून डँडेनॉन्गच्या कारखान्यात जाताना सिग्नलवाल्या रस्त्याने रोज रखडत जाते. कोपऱ्यावरच्या घरातला कुत्रा भुंकला की पलीकडच्या फुटपाथवर जाते. विमान जरा हललं की शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, विक्रांतच्या, मनगटावर तिची नखं उमटतात. दह्याच्या कारखान्यात ती लॅबमध्ये काम करते आणि तिथे मात्र हा स्वभाव चालून जातो. एखाद्या बॅचची शंका आली तर ती कुणाचं न ऐकता ती अडवून ठेवते.

अशा बाईने दोन हजार वीसच्या मार्चमध्ये आईला घेऊन युरोपातली सहा शहरं फिरायचं ठरवलं, आणि तेही थंडीत.

कारण आई. शोभाताई साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळी नोकरीभर त्यांनी फळ्यावर ऱ्हाइन आणि डॅन्यूब काढल्या, पण महाराष्ट्राबाहेरची नदी फारशी पाहिली नव्हती. नवरा गेल्यावर दोन वर्षं त्या घरातून बाहेर पडेनात. डिसेंबरमध्ये त्या लेकीकडे क्लेटनला आल्या, तेव्हा युरोपचा व्हिसा मुंबईतूनच काढून आल्या होत्या. यामिनीला रजा मार्चमध्येच मिळत होती. थंडीत तिकिटं स्वस्त पडतात, हॉस्टेलंही. सहा वर्षांच्या सुरुचीची शाळा होती म्हणून विक्रांत तिच्याजवळ थांबणार होता. इटलीतल्या गावांची नावं बातम्यांत यायला लागली तेव्हा यामिनीने व्हेनिस गाळून टाकलं. तेवढं केलं म्हणजे झालं, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

ॲमस्टरडॅमला उतरल्यापासून वारा सुटलेला होता. पहिल्याच दिवशी दोघींच्या छत्र्या उलट्या झाल्या आणि मोडल्या. मग प्लास्टिकचे पातळ रेनकोट घेतले, ते अंगावर असे फडफडायचे की एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही. हॉस्टेलच्या खोलीत सहा जणी होत्या. त्यातली एक सारखी नाक शिंकरायची आणि यामिनी तोंडावर ओढणी घेऊन भिंतीकडे वळून झोपायची. कोलोनला बसने पोचल्या तेव्हा ऱ्हाइन दुथडी वाहत होती, मातकट आणि फुगलेली. शोभाताई पुलाच्या कठड्याला धरून पावसात उभ्या राहिल्या. पाणी उत्तरेला चाललंय बघ, असं त्यांनी यामिनीला दोनदा सांगितलं. यामिनीचं लक्ष पुलावरून जाणाऱ्या लोकांकडे होतं. कोण खोकतंय, कोण आपल्याकडे बघतंय.

प्रागला बर्फाचा चिखल झाला होता. दगडी रस्त्यांवर शोभाताईंचा पाय दोनदा घसरला. यामिनीने त्यांचा दंड असा घट्ट धरला की रात्री तिथे काळंनिळं झालं. तिथेच विक्रांतचा फोन आला. इटलीने अख्खा देश बंद केला होता, आणि क्लेटनच्या दुकानात टॉयलेट पेपरसाठी दोन बायकांची ओढाताण झाली होती. दुसरी गोष्ट तो हसत सांगत होता. यामिनीला हसू आलं नाही. लवकर परत येऊ का, असं तिने विचारलं. विमानाचं तिकीट बदलता येणारं नव्हतं, आणि परतीचं विमान बुडापेस्टहून होतं, काही दिवसांवर. पुढे जाणं हाच घरी जायचा रस्ता होता.

व्हिएन्नात म्युझियमं बंद झाली होती. दिवसभर बाहेरच राहावं लागलं आणि दिवसभर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. डॅन्यूबच्या काठावर एका बाकावर शोभाताई बसल्या त्या उठेनात. बूट आतपर्यंत भिजले होते. आपण आत कुठेतरी जाऊ या, असं यामिनी परत परत म्हणत होती. आत कुठे जाणार, हेही तिला कळत नव्हतं. कॅफेमध्ये माणसं होती आणि तिला आता माणसांचीच भीती वाटत होती.

बुडापेस्टच्या वाटेवर सीमेपाशी बस थांबली. मास्क लावलेले पोलीस वर चढले. एकेकाच्या कपाळासमोर थर्मामीटर धरत, पासपोर्ट बघत ते मागे मागे येत होते. पुढच्या एका तरुणाला त्यांनी बॅगेसकट खाली उतरवलं. त्याने काहीतरी समजावायचा प्रयत्न केला, कुणी ऐकलं नाही. बस निघाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला पावसात उभा होता. यामिनी आईच्या कपाळाला हात लावून बसली होती. कपाळ गार होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्याने येणाऱ्या बसगाड्याच बंद झाल्या.

बुडापेस्टला त्यांनी पहिल्यांदाच हॉस्टेल सोडून एक खोली घेतली होती, जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. घरमालकीण इलोना शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची. साठीची, सडपातळ, मोजकं इंग्रजी बोलणारी. मधली भिंत इतकी पातळ होती की तिच्या रेडिओतलं बोलणं यांना ऐकू यायचं. म्हणजे आपलंही तिला ऐकू जात असणार, हे यामिनीच्या लगेच लक्षात आलं.

दोन दिवसांनी शोभाताईंना ताप आला. आधी घसा, मग कोरडा खोकला. खोकल्याची उबळ आली की यामिनी धावत जाऊन न्हाणीघरातला नळ सोडायची आणि शोभाताई उशीत तोंड खुपसायच्या. स्वतःच्या आईला उशीत तोंड खुपसून खोकताना बघणं काय असतं, ते यामिनीने मला नंतर सांगायचा प्रयत्न केला होता. मध्येच ती थांबली आणि उठून चहा करायला गेली.

विमानाच्या दिवशी सकाळी ताप होताच. बॅगा भरलेल्या होत्या. यामिनीने पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या आणि पाण्याचा ग्लास आईसमोर धरला.

"घे. तासाभरात ताप उतरेल. एअरपोर्टवर तेवढंच बघतात."

शोभाताईंनी गोळ्या हातात घेतल्या. तोंडात टाकल्या नाहीत. "आणि विमानात माझ्या शेजारी बसेल त्याचं काय?"

"आई, मला त्याचं काही पडलेलं नाही. मला तुला घरी न्यायचंय."

"तू लॅबमध्ये अशी बॅच सोडली असतीस?"

"ते दही आहे गं. इथे तू आहेस."

शोभाताईंनी अंगातला स्वेटर काढून ठेवला. मग गोळ्या घेतल्या आणि पांघरूण ओढून त्या आडव्या झाल्या. "मी तापासाठी घेतेय," त्या म्हणाल्या. "विमानासाठी नाही. तुला जायचं तर तू जा. मी अशी विमानात चढणार नाही."

यामिनी चिडली. आयुष्यात कधी बोलली नव्हती तसं आईला बोलली. इथे तू मेलीस तर मी काय करू, असंही म्हणाली. शोभाताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. यामिनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. त्यांचं विमान त्यांच्याशिवाय गेलं.

तासाभराने दारावर थाप पडली. इलोना होती. नाकातोंडाला स्कार्फ बांधलेला, हातात रबरी मोजे. ती उंबऱ्यापासून चार पावलं लांब उभी राहिली. तिला सगळं ऐकू गेलं होतं, नळासकट. हाकलणार, असं यामिनीने धरूनच ठेवलं. पावसात रस्त्याच्या कडेला उभा असलेला तो तरुण तिच्या डोळ्यांसमोर आला. इलोनाने भाडं सांगितलं, आधीइतकंच. मग सांगितलं, लिफ्ट वापरायची नाही, जिन्याच्या कठड्याला हात लावायचा नाही. तिला स्वतःला दम्याचा त्रास होता. एवढं बोलून ती आत गेली आणि तिने आतून दोन कड्या लावल्या. त्यानंतर यामिनी किराणा घेऊन आली की मागोमाग ब्लीचचा वास यायचा. इलोना बाहेर येऊन जिना पुसून जायची. तिने कधी चौकशी केली नाही आणि जायलाही सांगितलं नाही.

पुढचे दिवस यामिनीला नीट आठवत नाहीत, आठवते ती भीती. हेल्पलाइनला फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, श्वास लागत नसेल तर घरीच थांबा, टेस्ट मिळणार नाही. त्यामुळे शोभाताईंना नक्की काय झालं होतं ते तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. यामिनी त्यांच्या छातीकडे बघत बसायची. वर जाते, खाली येते. बाहेर दुकानं दुपारी तीनलाच बंद व्हायला लागली, फक्त किराणा आणि औषधांची उघडी राहायची. आणि रोज सकाळी विक्रांतच्या फोनवर एक नवीन दार बंद झालेलं असायचं. युरोपातून येणाऱ्यांना भारत घेणार नव्हता, मग ते भारतीय का असेनात. म्हणजे आईला साताऱ्याला पाठवायचं म्हटलं तरी ते शक्य नव्हतं. दोघींचा युरोपचा व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता. उरलं ऑस्ट्रेलिया. तिथे यामिनी पर्मनंट रेसिडेंट होती. शोभाताई व्हिजिटर होत्या.

विक्रांत एअरलाइनच्या फोनवर तासन् तास लटकून राहायचा. एकदा त्याला तिथेच झोप लागली आणि सुरुचीने फोन घेऊन पलीकडच्या माणसाला सांगितलं, "My dad is sleeping but please don't hang up." त्यानेही ठेवला नाही म्हणे. त्याच फोनवर दोन जागा मिळाल्या.

तोवर शोभाताईंचा ताप दोन दिवस गोळीशिवाय उतरलेला राहिला होता. खोकला मधूनच यायचा. विमानात दोघींनी मास्कवर ओढण्या बांधल्या आणि काही खाल्लं नाही.

आखातातल्या विमानतळावर पुढचं विमान संध्याकाळी होतं. सकाळीच विक्रांतचा मेसेज आला, आणि यामिनीला तो दोनदा वाचावा लागला. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपासून ऑस्ट्रेलियाची सीमा बंद. नागरिक, पर्मनंट रेसिडेंट आणि त्यांच्या अगदी जवळच्या कुटुंबाला प्रवेश होता. जवळचं कुटुंब म्हणजे नवराबायको आणि अवलंबून असलेली मुलं. आईवडील त्यात बसत नव्हते.

त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलबर्नला उतरणार होतं. वेळेवर सुटलं तर. तो सगळा दिवस त्या गेटसमोर बसून होत्या. यामिनी दर थोड्या वेळाने बोर्ड बघून यायची, आणि दुपारी त्यावर विमानाच्या नावापुढे "उशीर" आलं. किती ते लिहिलेलं नव्हतं. ती बाथरूममध्ये जाऊन ओकली.

"यामिनी," ती परत आल्यावर शोभाताई म्हणाल्या, "मला नाही सोडलं तर तू पुढे जा. सुरुची आहे तिकडे."

"गप्प बस आई."

"मी मास्तरीण आहे. कुठेही राहीन."

"गप्प बस म्हणाले ना."

गेटवरच्या मुलीने शोभाताईंचा पासपोर्ट पाहिला, परत पाहिला आणि घेऊन आत गेली. मागची रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकायला लागली. काचेपलीकडे ती कुणाशी तरी फोनवर बोलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. यामिनीने आईच्या शालीचं टोक मुठीत धरलं होतं. मुलगी परत आली तेव्हा तिचा चेहरा मास्कमुळे कळत नव्हता. कॅनबेराच्या इमिग्रेशनला विचारलंय, ती म्हणाली, नऊच्या आत उतरलात तर घेतील. उशीर झाला तर तिथे काय होईल, ते मी सांगू शकत नाही.

विमान सुटलं. उशीर किती भरून निघतोय, हे यामिनी समोरच्या पडद्यावरच्या छोट्या विमानाकडे बघत मोजत राहिली. वाटेत जोरदार हेलकावे बसले. एरवी ती ओरडली असती. आता तिला फक्त एवढंच वाटत होतं की हळू जाऊ नका.

उतरल्यावर पासपोर्टची रांग लांब होती आणि कुठेही घड्याळ नव्हतं, किंवा तिने बघितलं नाही. नऊ म्हणजे विमान टेकण्याचे नऊ की शिक्का मारायचे नऊ, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या काउंटरशी पोचल्या आणि शोभाताईंना खोकला आला.

अधिकाऱ्याने मान वर केली. खोकला कधीपासून आहे, त्याने विचारलं. घशाला कोरड पडलीय, एवढं म्हणायचं यामिनीच्या ओठांवर आलं होतं. पण तिने सगळं सांगून टाकलं. ताप आला होता, उतरला, त्या तापात प्रवास केला नाही, टेस्ट मिळाली नाही. त्याने दोघींना बाजूला उभं केलं आणि हातमोजे घातलेल्या एका बाईला बोलावलं. तिने दोघींचा ताप पाहिला, शोभाताईंचा दोनदा. आपल्याच देशात, आपल्याच शहरात उभी राहून आता आईला परत पाठवतील याची वाट बघायची, ती दोन-चार मिनिटं बुडापेस्टच्या सगळ्या दिवसांपेक्षा वाईट होती, असं यामिनी सांगते. बाई म्हणाली, नॉर्मल. अधिकाऱ्याने शिक्का मारला. "Fourteen days at home, both of you. No worries, love, breathe." त्यावर यामिनी तिथेच खाली बसली.

मी आणि विक्रांतने तिची गाडी दुपारीच विमानतळाच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवली होती. विक्रांत आणि सुरुची माझ्याकडे राहायला आले होते, दोघींना वेगळं राहता यावं म्हणून. टलामरीनच्या विमानतळाहून क्लेटनला सरळ यायचं तर फ्रीवेच. ती आली. रस्त्यावर भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं तर म्हणाली, रस्ता आठवतच नाही.

संपलं असं आम्हाला वाटलं. मी त्यांच्या दारात भाजी ठेवायचे, सुरुची माझ्या खिडकीतून आजीला हात करायची. पाच-सहा दिवसांनी यामिनीला चहाला वास येईना. संध्याकाळपर्यंत अंगात ताप भरला. हॉस्पिटलच्या आवारात तंबू घातला होता, तिथे दोघींची टेस्ट झाली. शोभाताई निगेटिव्ह. यामिनी पॉझिटिव्ह.

आरोग्य खात्याचा फोन आला. विमानातला सीट नंबर, रांगेत पुढे कोण, मागे कोण. लक्षणं विमानातून उतरल्यावर इतक्या दिवसांनी सुरू झाली होती, त्यामुळे विमानातल्या लोकांना कळवायची गरज नाही, असं त्या बाईने सांगितलं. कुणाकडून आला असेल, हे यामिनीने विचारलं. आईकडून? विमानात? गेटवर? ते सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. आता भीती दुसऱ्या बाजूने आली. आई सदुसष्टची, आणि दोघी एकाच घरात. यामिनीने बेडरूमचं दार आतून बंद केलं. शोभाताई बाहेरून ठोठावत राहिल्या.

"उघड. तुझ्या कपाळावर पट्टी तरी ठेवते."

"नको. ताट बाहेर ठेव आणि लांब जा."

"बुडापेस्टला तू माझ्याजवळच बसली होतीस ना?"

"तुला काही झालं तर मी जगणार नाही, आई. जा ना."

शोभाताई स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांना फोन करायचे, तेव्हा त्या माझ्याशी बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि मला कळायचं की त्या दारापलीकडचा श्वास ऐकताहेत. एकदा यामिनीला धाप लागली आणि ॲम्ब्युलन्स आली. पांढऱ्या सूटमधली दोन माणसं ड्राइव्हवेवरून आत गेली. सुरुचीला मी खिडकीपासून लांब नेलं. "Is she dying?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले, पण मला माहीत नव्हतं. ऑक्सिजन ठीक निघाला. त्यांनी तिला घरीच ठेवलं, आणि त्यानंतर हळूहळू ताप उतरत गेला.

आरोग्य खात्याने मोकळं केल्याचा फोन आला त्या दुपारी आम्ही सगळे ड्राइव्हवेवर उभे होतो. यामिनी दारातून बाहेर आली, कपडे ढगळे झालेले, उन्हाने डोळे बारीक केलेले. सुरुची माझा हात सोडून पळाली. यामिनी एक पाऊल मागे सरकली. तिच्याही नकळत, भिंतीला पाठ लागेपर्यंत. सुरुची मध्येच थांबली.

"Aren't you better?"

"बरी आहे. बरी आहे गं. एक मिनिट दे मला."

विक्रांतने आरोग्य खात्याने फोननंतर पाठवलेलं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. मग तिने मुलीला जवळ घेतलं, तोंड मात्र दुसरीकडे वळवून. तसं तोंड वळवून घेणं पुढे बरेच महिने चाललं.

शोभाताईंना परत जायला जवळजवळ वर्ष लागलं. लॉकडाउनमध्ये त्या झूमवर आमच्या भागातल्या मराठी मुलांना भूगोल शिकवायच्या. मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, त्या मराठीत चुका काढायच्या. अडकलेल्यांना नेणाऱ्या सरकारी विमानाने त्या गेल्या तेव्हा दिवसा, वेळेवर, काही न होता पोचल्या. यामिनीला ते खरं वाटेना. साताऱ्याच्या घरातून व्हिडिओ कॉल आल्यावरही ती आईला म्हणाली, जरा कॅमेरा फिरव, मला खिडकी दाखव, बाहेरचा रस्ता दाखव.